मी फक्त बॅग दाखवली

वणीला आमच्या घरी माय कपडे उलटे करून वाळत घालायची. घरासमोरून चंद्रपूर रोड, त्याच्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक, आणि ताडपत्री कितीही ताणून बांधली तरी ट्रकामागं काळी भुकटी उडायचीच. ती दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसायची. उलट्या बाजूला बसली म्हणजे अंगात घातल्यावर आतून राहील, लोकांना दिसणार नाही, असा मायचा विचार. "बाहेरून तं पांढरा दिसते ना," असं ती म्हणायची. ती काळी बाजू पाठीला घासत मी दोन वर्षं आयटीआयला गेलो. घाम आला की बनियनवर काळे ओघळ यायचे, नाक शिंकरलं की रुमालात कोळसा. वणीत याला कोणी घाण म्हणत नाही, मीही म्हणत नव्हतो. मला ज्या गोष्टीची आज शिसारी येते ती ही नव्हे. भुकटी अंघोळीनं निघते.

बाबांचं घराला लागूनच टायर पंक्चरचं दुकान होतं. पहाटे पाचलाच जॅकचा आवाज सुरू व्हायचा, मग लोखंडी पट्टीनं टायर उचकटल्याचा, मग हवा भरायच्या मशीनचा, आणि मशीनच्या ठोक्यावरच आमचं घर जागं व्हायचं. बाबा हात घासून घासून धुवायचे, पण बोटांच्या भेगांतलं काळं काही जायचं नाही. त्याच हातानं ते भाकर मोडायचे. माय चुलीवरच भाकर टाकायची, गॅस असूनही. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, आणि वर्षभर जवसाची चटणी. डब्यात ती आधी माझ्यासाठी दोन भाकरी द्यायची. आयटीआयला लागल्यावर पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, "डबा असा चाटून-पुसून कसा येऊन राह्यला बे? घरी तं तू अर्धी टाकून देतं." मी सांगितलं, आम्ही दोघं जेवतो. दुसऱ्या दिवसापासून डब्यात चार भाकरी यायला लागल्या. दुसरा कोण, हे तिनं नंतर विचारलं.

दुसरा म्हणजे मारोती आत्राम. मारेगावच्या पलीकडल्या एका कोलाम पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून यायचा. सकाळची पहिली बस धरायची तर घरी चूल पेटायच्या आत निघावं लागायचं, म्हणून डबा नाही. अंगानं किरकोळ, बोलायला मात्र कोणाला ऐकायचा नाही. गुरुजी फळ्यावर सर्किट काढत असले की हा मागून सांगायचा, "सर, त्या जागी फ्यूज उडन." आणि उडायचाच. आम्हाला शिकवणारे राठोड सर आधी चिडायचे, मग हसायचे, मग खडू त्याच्याच हातात द्यायचे. मायच्या भाजीचं कौतुक त्यानं कधी केलं नाही. उलट एखाद्या दिवशी म्हणायचा, "आज मीठ जास्त झालं, सांगजो घरी." मी सांगायचो आणि माय दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालायची, माझ्या बाबांसाठी तिनं हे कधी केलं नव्हतं. महिन्यातून एखाद्या वेळी तो मोहाची फुलं, टेंभरं, चारोळ्या असं काही पुडीत बांधून आणायचा आणि न बोलता माझ्या बॅगेत टाकायचा.

आमचं आयटीआय म्हणजे गावाबाहेरची एक खासगी संस्था, पत्र्याचं छप्पर, दोन वर्कशॉप आणि एक ऑफिस. तिथं शिकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट होती, खाणीतली अप्रेंटिस. त्या वर्षी खाणीच्या वर्कशॉपासाठी आमच्या इलेक्ट्रिकच्या ट्रेडमधून दोन नावं जाणार होती. गुणांच्या यादीत मारोती पहिला, मी दुसरा, आणि निखिल तिसरा. हे सगळ्यांना सत्र संपायच्या आधीच माहीत होतं. म्हणजे एक जागा मारोतीची, एक माझी. ही यादी नीट लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात माझा फायदा काय होता असं लोक विचारतील. काहीच नव्हता. माझी जागा मला तशीही मिळणार होती. हे आठवलं की मला माझ्याच तोंडावर थुंकावंसं वाटते.

निखिलचा काका संस्थेच्या कमिटीवर होता आणि फाटकाच्या कोपऱ्यावर त्याचाच पानठेला होता. ठेल्यामागं पत्र्याची एक खोली, तिच्यात एक कूलर आणि दोन खाटा. जेवून झाल्यावर उरलेल्या सुट्टीत आणि प्रॅक्टिकल लवकर सुटलं की आम्ही चौघं तिथं जायचो, निखिल, गोलू, शुभम आणि मी. आम्ही फोन घेऊन खाटांवर पडायचो. पुढं ठेल्यावर पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा चर्र चर्र आवाज चालू असायचा, आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात एक डबा होता थुंकायला. तो डबा कोणी कधी रिकामा केलेला मी पाहिला नाही. उन्हाळ्यात त्याच्यावर साय धरायची. त्या वासात आम्ही रोज तास-दीड तास काढायचो आणि मला तो वास आवडायला लागला होता, कारण त्या खोलीत मला 'आपला पोट्टा' म्हणायचे. पंक्चरवाल्याच्या पोराला असं बोलावणारी ती पहिली जागा.

खेळाबद्दल सांगायलाच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. बंदुकांचा खेळ, चौघांनी मिळून खेळायचा. त्यात वेगवेगळ्या कामगिऱ्या असतात. कधी एखादी गाडी राखायची, कधी पेटी आणायची. पण आम्हाला नाद होता तो टारगेटचा. सुरुवातीला एका माणसाचा फोटो येतो, खाली इंग्रजीत चार ओळी येतात, आणि नकाशावर एक मोठा गोल पडतो. त्या गोलात कुठंतरी तो माणूस आहे. त्याला हुडकायचा, मारायचा आणि निघून यायचं. त्याच्या भोवती राखणदार असतात. राखणदारानं तुम्हाला पाहिलं की भोंगा वाजतो, टारगेट गाडीकडं पळते, आणि ते गोलाच्या बाहेर गेलं की कामगिरी बुडाली. म्हणून सरळ जाऊन धडाधड गोळ्या झाडून भागत नाही. एकानं दुर्बीण घेऊन लांब बसायचं, टारगेट दिसलं की त्याच्यावर खूण करायची. खूण केली की त्याच्या डोक्यावर लाल ठिपका येतो आणि तो ठिपका चौघांनाही दिसते, भिंतीच्या आडूनसुद्धा. मग एकानं राखणदारांना दुसरीकडं ओढायचं, एकानं टारगेटला जागेवर अडकवून ठेवायचं, आणि एकानं जवळ जाऊन गोळी घालायची. आपला कोणी पडला तर दुसऱ्यानं धावत जाऊन त्याला उठवायचं. मेल्यावर प्रेताजवळ जाऊन बटन दाबून धरायचं, म्हणजे माणूस तोच होता अशी पावती होते. मग बाहेर पडायचं. चौघांतला एक जरी बाहेर पोचला तरी पुरे.

शेवटी एक पाटी येते. चौघांची नावं आणि चौघांच्या नावापुढं सारखीच हिरवी खूण. गोळी कोणाची लागली याच्याशी त्या खुणेचा काही संबंध नाही. एखादा पूर्ण वेळ भिंतीआड लपून राहिला तरी त्याला तीच खूण, तेवढेच गुण. टारगेट आपल्याच राखणदाराच्या बॉम्बनं मेलं तरी खूण. आमच्यात गोळी घालायचं काम निखिलचं, राखणदार ओढायचं गोलूचं, अडकवायचं शुभमचं, आणि दुर्बीण माझी. माझ्या नावापुढं 'मारलेले: शून्य' असं यायचं आणि शेजारी हिरवी खूण. मला याचं भारी वाटायचं. हात स्वच्छ आणि काम फत्ते. निखिल म्हणायचा, "याच्यासारखा डोळा वणीत नाई." मी दिवसभर त्या एका वाक्यावर फुगून फिरायचो. आता माझी सहा वर्षांची पोरगी माझ्या फोनवर फळं कापायचा खेळ खेळते, तिला मी दुसरं काही लावू देत नाही. बायको म्हणते, "खेळच तं हाय, एवढं कायले चिडता?" खेळानं माणूस बिघडते असं मी म्हणत नाही. खेळात काही खोट नव्हती. खोट खेळणाऱ्यांत होती, आणि त्यातला एक मी.

एकदा मारोती त्या खोलीत आला होता. शुभम त्या दिवशी नव्हता, चौथा पाहिजे होता, म्हणून निखिलनं त्याला आपला जुना फोन दिला. फोटो आला, खालच्या ओळी आल्या. निखिल पुढं ढकलणार तेवढ्यात मारोती म्हणाला, "थांब, वाचू दे." तो एक-एक शब्द जुळवून वाचायला लागला. निखिल म्हणाला, "कोनी वाचत नसते बे ते."

"मंग याले कायले मारून राह्यले आपुन?"

"टारगेट हाय म्हून."

"ते समजलं. पन यानं केलं काय?"

गोलू हसला. मीही हसलो. मारोती मात्र खरंच विचारत होता. आम्ही निदान दोनशे टारगेट पाडले असतील आणि त्यातल्या एकाचंही आम्हाला नाव माहीत नव्हतं. शेवटी तो खेळला, पण मधेच उठून टारगेटच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, म्हणाला पाहू तर काय करते. भोंगा वाजला, टारगेट पळालं, कामगिरी बुडाली. निखिलनं त्याच्या हातातून फोन हिसकला आणि म्हणाला, "पोडावरचे ते पोडावरचेच." मारोती उठला, त्या थुंकायच्या डब्याकडं पाहिलं, म्हणाला, "आमच्या पोडावर हे असं नाई ठेवत," आणि निघून गेला. पुन्हा तो त्या खोलीत आला नाही. मी त्याच्यामागं गेलो नाही, मी चौथा होतो ना.

यादी खाणीकडं जायला आठ दिवस उरले होते तेव्हा निखिलनं खोलीत विषय काढला. खाटेवर आडवा पडून, तोंडात खर्रा, बोलताना हनुवटी वर धरून, म्हणजे थुंकी सांडू नये. "एक मिशन हाय," तो म्हणाला, "टारगेट मारोती." त्यानं सगळं आधीच आखलं होतं. आम्ही मोटारीसाठी गुंडाळायचो त्यातली वर्कशॉपातली एक तांब्याची कॉइल मारोतीच्या बॅगेत टाकायची आणि ऑफिसला कळवायचं. आमच्या भागात तांब्याच्या चोरीला फार वाईट मानतात. खाणीतून केबल चोरीला जातात, त्याच्यावरून मारामाऱ्या होतात, आणि एकदा 'तांबाचोर' म्हणून नाव पडलं की कोणतीही खाण त्या पोराला फाटकात उभी करत नाही. हे आम्हा चौघांनाही पक्कं माहीत होतं. गोलू वर्कशॉपाच्या शिपायाला बाहेर नेणार, शुभम मारोतीला कँटीनपाशी अडकवणार, निखिल कॉइल टाकणार. अडचण एकच होती. सगळ्या बॅगा वर्कशॉपाच्या एका रॅकवर टांगलेल्या असायच्या, आणि त्या वर्षी संस्थेनं सगळ्यांना एकसारख्या निळ्या बॅगा वाटल्या होत्या. मारोतीची कोणती ते कोणाला ओळखता येत नव्हतं. मला येत होतं. मी रोज तिच्याशेजारी बसून जेवायचो.

निखिल माझ्याकडं वळला. "तुले काई कराचं नाई," तो म्हणाला. "फक्त दाखव."

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवते. मी म्हणालो, "ठीक हाय." बस. पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ते पूर्ण समजलं नव्हतं, की मला वाटलं गंमत करून राहिले. खोटं आहे ते. सगळं समजलं होतं. मारोतीची जागा जाणार, ती निखिलला मिळणार, मारोती परत कधी कुठल्या खाणीत उभा राहू शकणार नाही, हे मला त्या खाटेवर बसल्या बसल्या दिसत होतं. आणि तरी माझ्या मनात काय होतं, तर आपल्या वाट्याला सोपं काम आलं, गोळी आपल्याला घालायची नाही.

दुसऱ्याच दिवशी झालं. जेवणाच्या सुट्टीला गोलू शिपायाला 'बाहेर पोट्टे सायकली पाडून राह्यले' म्हणून घेऊन गेला. शुभमनं मारोतीला कँटीनच्या दारात गाठून मोटारीच्या स्टार-डेल्टा जोडणीचं काहीतरी विचारलं. मारोतीला असं काही विचारलं की तो जेवण विसरायचा, हे शुभमला मीच कधीतरी सांगितलं होतं. निखिल रॅकपाशी उभा राहून माझ्याकडं पाहत होता. मी दारात होतो. मी बोट दाखवलं नाही, तोंड उघडलं नाही, नुसती हनुवटी हलवली, डावीकडून तिसरी. तेवढंच. मग मी बाहेर जाऊन झाडाखाली डबा उघडला. मारोती यायचा होता. तो आला नाही, शुभमनं त्याला सोडलंच नाही. त्या दिवशी चारही भाकरी मी एकट्यानं खाल्ल्या. भूक नव्हती, तरी खाल्ल्या. डबा परत भरलेला गेला असता तर मायनं विचारलं असतं.

सुट्टी संपल्यावर गोलूनं ऑफिसात सांगितलं की वर्कशॉपातली कॉइल कमी आहे. झडती झाली. सगळ्यांना एका रांगेत उभं करून शिपायानं एक-एक बॅग फरशीवर उलटी केली. मारोतीच्या बॅगेतून वही, पक्कड, रुमालात बांधलेली चारोळी आणि ती कॉइल पडली. मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहायचं टाळत होतो, पण कानांना टाळता येत नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "असंच असते या लोकायचं." ज्यानं म्हटलं तो आमच्यातला नव्हता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. पोडावरचा म्हटल्यावर वीस जणांना एका क्षणात पटलं. आमच्या टोळीला फार मेहनत पडलीच नाही. मारोतीनं खाली वाकून कॉइल उचलली, उलटीपालटी करून पाहिली, आणि रांगेतून थेट माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं ती सरांच्या हातात दिली आणि त्यांच्याशी हळू आवाजात काही बोलला. त्याला फाटकाजवळच्या बाकावर नेऊन बसवलं.

तासाभरानं राठोड सरांनी मला स्टोअररूममध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. टेबलावर कॉइल होती. मी ती पहिल्यांदा जवळून पाहिली. कॉइल गुंडाळून झाली की तिचे वेढे सुटू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधतात. सगळी पोरं दोन ठिकाणी बांधायची. मी चार ठिकाणी बांधायचो आणि गाठ ट्रकवाल्यांसारखी मारायचो, बाबांनी दुकानात शिकवलेली, ओढली की घट्ट होणारी. माझ्या हाताची सवय होती ती. निखिल वर्कशॉपात कधी लक्ष देत नव्हता, त्याला असं काही असते हेच माहीत नव्हतं. हाताला लागली ती कॉइल त्यानं उचलली होती, आणि ती माझ्या टेबलावरची होती.

"मारोती म्हणते त्यानंच गुंडाळली, त्यानंच घेतली," सर म्हणाले. "मी दोन वर्षांत तुमच्या सगळ्यांच्या कॉइल तपासल्या. मले कोणाची कोणती ते डोळे मिटून समजते. बोल, कोणाची आहे ही?"

मला कळेना मारोती असं का म्हणाला. घाबरला असेल, शिपायानं दम दिला असेल, असं वाटलं. आणि खरं सांगतो, आधी हायसं वाटलं.

"मी आता तोंड उघडलं तर उद्यापासून मी घरी," सर म्हणाले. ते करारावर होते. "कमिटीवर कोण आहे तुले माहीत आहे. तू बोल. तू पोरगा आहेस, तुले रागावतील, चार दिवस बसवतील, सोडून देतील. त्या पोराचं मात्र आयुष्य आहे रे हे."

स्टोअरच्या जाळीतून बाकावर बसलेला मारोती दिसत होता. गुडघ्यांवर हात ठेवून तो रस्त्याकडं पाहत होता. मी म्हणालो, "तो म्हणते त्याची, तं त्याचीच असन सर."

सरांनी मला परत विचारलं नाही. मान खाली घालून त्यांनी रजिस्टर ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. मला त्यांचाही फार राग आला, अजूनही येतो. मोठा माणूस, सगळं समजून, एका पोराच्या तोंडाकडं पाहत बसला की त्यानं आपल्याला वाचवावं. पण राग करायचा अधिकार मला नाही, म्हणून तो गिळतो. मारोतीचं नाव यादीतून कापलं गेलं आणि संस्थेतूनही. संध्याकाळच्या आत झालं सगळं, कोणी त्याच्या घरच्यांना बोलावलंसुद्धा नाही.

सुटल्यावर निखिलनं खोलीत खर्रा वाटला. मी कधी खाल्ला नव्हता. "आज तं खाच लागते," तो म्हणाला, "चौघायचं काम हाय." गोलूनं हवेत बोटानं चार वेळा खूण केली, एकेकाच्या नावानं, आणि तिघं हसले. मी तोंडात टाकला. दोन मिनिटांत जीभ जळाली, घशात पाणी सुटलं, आणि थुंकायचं सोडून मी ते गिळलं. मग मी त्या डब्यावर वाकलो आणि दुपारच्या चारही भाकरी त्याच्यात गेल्या. त्या सायीवर, त्या लाल चिखलावर. नाकातोंडातून आलं. तिघं पोट धरून हसत होते आणि निखिल माझी पाठ चोळत म्हणत होता, "होते, होते, पहिल्यांदा होते." त्याचा तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. त्यानंतर निखिल आणि मी एकाच दिवशी खाणीत लागलो. दोन वर्षांनी त्यानं काकाच्या ओळखीनं बदली करून घेतली, मी राहिलो. आज मी तिथल्याच वर्कशॉपात कायम आहे, पगारी माणूस, घरात फ्रीज, वॉशिंग मशीन, माय आता कपडे सुलटे वाळत घालते.

मारोती मारेगावला बसस्टँडमागं मोटारी भरायचं काम करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तांबं गुंडाळून द्यायचं. आमच्याच वर्कशॉपातले लोक सांगतात, शेतातला पंप त्याच्याकडूनच भरून घ्या, दुसऱ्याकडं नेऊ नका. मी मारेगाववरून बसनं जातो तेव्हा त्या बाजूच्या सीटवर बसत नाही.

यादीतून नाव कापल्यानंतरच्या रविवारी सकाळी तो आमच्या घरी आला होता. माझी पक्कड त्याच्याकडं होती, ती परत द्यायला. मला वाटलं भांडायला आला. मायला तर काहीच माहीत नव्हतं, तिला त्याचं नाव फक्त डब्यावरून ठाऊक होतं. तिनं पहिल्यांदाच त्याला पाहिलं आणि पाट मांडला. वांगी भाजलेली होती, गरम भाकर होती, वरून कच्चं तेल. तो खाली मान घालून जेवला. माय विचारत होती, घरी कोण कोण आहे, बहिणीचं लग्न झालं का, खाणीत लागल्यावर राहायची सोय कुठं करशील. तिच्या मते दोघांनी एकच खोली करावी, म्हणजे ती डबा पाठवत जाईल. मारोती म्हणाला, "पाहू ना माय." त्यानं तिला काही सांगितलं नाही. मी समोर भिंतीला टेकून बसलो होतो आणि मायनं मला दोनदा विचारलं की तू काहून जेवून नाई राह्यला.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. बाबा दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होते, मशीन चालू होतं, म्हणून आमचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नसतं. मारोती थांबला. म्हणाला, "गाठ पाह्यली मी. चार ठिकानी होती. तुही होती ते."

मी पक्कड घ्यायला हात पुढं केला.

"मले समजलं तवाच. झडती हाय म्हून तू घाबरला असशीन, नि हाताले लागली त्या बॅगेत टाकली असशीन. बॅगा तं साऱ्या सारख्याच." तो पक्कड माझ्या हातात देत बोलत होता, जसा वर्कशॉपात बोलायचा तसाच. "मंग मी सरले म्हटलं, माही हाय. तुह्या नावावर गेलं असतं तं तुहा बाप या वयात किती दिवस टायर उचकटन? दोन वर्सं तुह्या मायच्या हातचं खाल्लं मी. मले काय, मी मोटरी भरीन कुठंई." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, थोडा रागावलेलाच होता. "पन तुले तांबं कायले पाह्यजे होतं बे? अडचन होती तं मले सांगाची होती."

तो उत्तराची वाट पाहत उभा होता. एक वाक्य होतं. ते मी तिथं बोललो असतो तर तो तिथूनच परत आयटीआयला गेला असता, ओरडला असता, राठोड सरांच्या टेबलावर हात आपटला असता, भांडून आपली जागा परत आणली असती. तसाच होता तो. यादी अजून खाणीकडं गेली नव्हती, सोमवारी जायची होती. मला हे सगळं माहीत होतं.

मी म्हणालो, "कोनाले सांगू नको."

"नाई सांगत," तो म्हणाला.

आजपर्यंत त्यानं कोणाला सांगितलेलं नाही.